ओमिझु कुदासाइ : प्रवासापुरते आणि जेवणापुरते जपानी
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांला जपानी भाषेवर बोलायला सांगितले आहे. या मालिकेत आजवर धम्म, संविधान, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पंगतीला "परक्या देशात पाणी कसे मागावे, भाडे कसे विचारावे" हा विषय बसवणे काहींना खटकेल. परंतु ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले, त्याची केवढी किंमत मोजली हे ज्याला ठाऊक आहे, त्या समाजात पाणी मागण्याचा विषय हलका ठरू नये, असे आम्हांला वाटते.

दुसरे असे की, ही गरज आता आपल्या दारात आली आहे. पूर्वी जपानला जाणारा मराठी माणूस म्हणजे संगणक क्षेत्रातला अभियंता. तोक्योच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशी-कासाई भागात, भारतीयांची मोठी वस्ती झाली आणि २०१९ साली त्याच एदोगावाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. आता चित्र बदलते आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. वृद्धांची सेवा, शेती, उपाहारगृहे, बांधकाम अशा कामांसाठी तरुणांना तिकडे जाता येऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योला झालेल्या शिखर परिषदेत पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीयांना जपानमध्ये नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. आणि आपल्या शिळफाट्यावरून जो जातो त्याला हेही ठाऊक आहे की, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून तिथपर्यंत यायचा आहे, २१ किलोमीटरचा, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. तंत्र जपानचे आहे. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या मुलामुलींना जपानी भाषा म्हणजे चंद्रावरची गोष्ट राहिलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या वर्गाला येणारी मुले पहिल्या दिवशी हमखास एक वाक्य बोलतात : "सर, आमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, इंग्रजीच धड येत नाही, जपानी कुठून येणार?" नगरपालिकेच्या शाळेत शिकलेल्या मुलांच्या मनात ही भीती घर करून असते. विद्यार्थी मित्रहो, ही भीती निराधार आहे. जपानी भाषेच्या बाबतीत मराठी माध्यमाचा मुलगा मागे नाही, दोन पावले पुढे आहे. कसा, ते उदाहरणांनी सांगतो.

आपण म्हणतो, "मी पाणी पितो." जपानी माणूस म्हणतो, "वाताशि वा मिझु ओ नोमिमास." वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पितो. क्रम तोच; क्रियापद शेवटी. इंग्रजीवाल्याला पाणी आणि पिणे यांची अदलाबदल करावी लागते, आपल्याला नाही. आपण "कल्याणहून" म्हणतो, म्हणजे "हून" नावाच्या मागे लावतो. तेही "कारा" मागेच लावतात : "कल्याण कारा". "पर्यंत"ला "मादे". "कल्याण कारा ठाणे मादे" हे वाक्य तुम्ही आताच शिकलात.

सर्वांत मौजेची गोष्ट पुढे आहे. आपण प्रश्न कसा करतो? "तू येतोस का?" वाक्याच्या शेवटी "का" लावला की प्रश्न झाला. जपानीत येतो म्हणजे "किमास". येतोस का? "किमास का?" तोच "का", त्याच जागी. आणि "छान आहे ना" मधला "ना" हवा असेल तर तिथे "ने" आहे : "ओइशिई देस ने", म्हणजे चवदार आहे ना. या दोन भाषांचे कूळ एक नव्हे, हा योगायोग आहे. पण योगायोग फुकट मिळत असेल तर घ्यावा. शिवाय तो-ती-ते नाही, एकवचन-अनेकवचनाचा घोळ नाही, मी-तू-तो यांप्रमाणे क्रियापद बदलत नाही.

उच्चारांतही आपले पारडे जड आहे. जपानीत "त्सु" असा उच्चार आहे, त्सुनामी मधला. इंग्रजी बोलणारे तिथे अडखळतात. आपण "चूल" आणि "चुना" म्हणताना जो च काढतो तो जवळजवळ हाच. "झु"ची अडचण नाही, सुझुकीची गाडी रस्त्यावर रोजच दिसते. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष हवे. "ओबासान" म्हणजे मावशी-आत्या, आणि "ओबाआसान" म्हणजे आजी. मावशीच्या वयाच्या बाईला लांबवून हाक मारलीत तर काय होईल ते सांगायला नको. तसेच जोडाक्षराचे : "किते" म्हणजे या, "कित्ते" म्हणजे पोस्टाचे तिकीट. ज्याला "कला" आणि "कल्ला" यांतला फरक कळतो त्याला हे कळते. त्यांच्याकडे ल नाही, त्यामुळे डोंबिवलीची "दोम्बिविरी" होते, ती ऐकून दचकू नये. "देस" आणि "मास" या शब्दांच्या शेवटी लिहिताना "उ" असतो, बोलताना तो बहुधा गिळतात.

म्हणून आमचा आग्रह असा आहे की, सुरुवातीची वाक्ये रोमन लिपीतून पाठ करू नका. वहीत देवनागरीत लिहा. मग हिरागाना ही त्यांची मूळ अक्षरे शिका, ती ४६ आहेत. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे, सावकाश येतील.

आता हॉटेलात जाऊ. दार उघडताच आतून सगळे ओरडतात, "इराश्शाइमासे!" म्हणजे यावे, स्वागत आहे. नवा माणूस गोंधळतो, उत्तर काय द्यावे कळत नाही. उत्तर द्यायचे नसते. किंचित मान लववा, पुरे. मग विचारतात, "नाम्मेई-सामा देस का?" आपण किती जण? एकटे असाल तर "हितोरी देस", दोघे "फुतारी देस", तिघे "सान्निन देस", चौघे "योनिन देस". बोटे दाखवली तरी चालते, पण तोंडाने बोलावे.

बसल्यावर बहुतेक ठिकाणी न मागता पाण्याचा किंवा चहाचा पेला समोर येतो आणि त्याचे पैसे नसतात. पुन्हा हवे असेल तर : "सुमिमासेन, ओमिझु कुदासाइ." माफ करा, पाणी द्या. नुसते "मिझु" न म्हणता "ओमिझु" म्हणतात. त्या "ओ"ने पाण्याला मान दिला जातो. आमच्या आजोबांच्या पिढीला गावच्या हॉटेलात चहा बाहेर बसून, वेगळ्या कपातून प्यावा लागे आणि तो कप स्वतः विसळून ठेवावा लागे. हे इथे बसलेल्या ज्येष्ठांनी पाहिले आहे. त्यांच्या नातवंडांनी हे चार शब्द ताठ मानेने म्हणावेत, चोरट्या आवाजात नव्हे.

"सुमिमासेन" हा शब्द सोन्याचा आहे. वाढप्याला बोलवायचे, गर्दीतून वाट काढायची, कुणाचा धक्का लागला, रस्ता विचारायचा, सगळीकडे तो चालतो. आपल्याकडे हॉटेलात "ए पोऱ्या", "ए छोटू" अशा हाका अजून ऐकू येतात, आणि खेदाने म्हणावे लागते की त्या मारणाऱ्यांत आपलेही लोक असतात. जपानीत गिऱ्हाईक वाढप्याशी आणि वाढपी गिऱ्हाइकाशी "देस-मास"च्या नम्र भाषेत बोलतो. वाढपी आणखी एक पायरी वर चढून बोलतो हे खरे, पण गिऱ्हाइकाने खाली उतरावे असे नाही. दुसऱ्याच्या नावापुढे "सान" लावतात, साफसफाई करणाऱ्याच्याही आणि साहेबाच्याही. स्वतःच्या नावापुढे मात्र कधी लावायचा नाही.

पण यावरून जपान हा समतेचा स्वर्ग आहे अशी समजूत करून घेऊ नका. कातडी कमावणे, जनावरे कापणे अशी कामे करणाऱ्यांना तिथेही पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ठेवले गेले. १८७१ साली कायद्याने तो भेद रद्द झाला, मनातून गेला नाही. या बुराकु समाजाने ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे "सुइहेइश्या" ही संघटना स्थापन केली. महाडच्या आधी पाच वर्षे. म्हणून तिथे कुणाला त्याचे मूळ गाव, घराणे खोदून विचारू नये. आपल्याला तो प्रश्न विचारला की कसे वाटते, ते आठवावे.

जेवण मागवणे सोपे आहे. पुष्कळ हॉटेलांत चित्रांचे कार्ड असते किंवा दाराशी काचेत पदार्थांचे नमुने मांडलेले असतात. बोट ठेवा आणि म्हणा, "कोरे ओ कुदासाइ", हे द्या. "कोरे वा नान देस का?" हे काय आहे? "इकुरा देस का?" किती पैसे? खाण्यापिण्याची पथ्ये असतील तर शब्द पाठ हवेत. निकु म्हणजे मांस; ग्यूनिकु गाईचे, बुतानिकु डुकराचे, तोरिनिकु कोंबडीचे. साकाना मासे, तामागो अंडे. "बुतानिकु वा हाइत्ते इमास का?" डुकराचे मांस घातले आहे का? "निकु वा ताबेमासेन", मांस खात नाही. इथे शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. मांस नको म्हटले तरी रश्श्यात माशाचा अंश असू शकतो, कारण "दाशी" हे त्यांचे मूळ सूप बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात आणि त्याला ते मासे खाणे समजत नाहीत. म्हणून वेगळे विचारावे : "साकाना नो दाशी वा हाइत्ते इमास का?"

जेवायला सुरुवात करताना हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात. या क्रियापदाच्या मुळाशी डोक्यावर घेणे, मस्तकी धरणे हा अर्थ आहे. कृतज्ञतेने स्वीकारतो, असे म्हणा. जेवण झाल्यावर "गोचिसोसामा देशिता". हे दोन शब्द ज्याने म्हटले त्याच्याकडे स्वयंपाकी वळून बघतो, हा आमचा अनुभव आहे. काड्यांनी खाता आले नाही तर लाजू नका, "सुपून" मागा. फक्त दोन गोष्टी करू नका : भातात काड्या उभ्या रोवू नका, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. पहिली मृतापुढे ठेवलेल्या भाताची रीत आहे, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. शेवटी "ओकाइकेई ओनेगाइशिमास" म्हणजे बिल द्या. पैसे गल्ल्यावर, तिथल्या छोट्या तबकात ठेवायचे. टीप द्यायची नाही. ठेवलीत तर पोरगा रस्त्यापर्यंत धावत येऊन परत देईल.

दुकानात "फुकुरो वा इरिमास का?" असे विचारतील. पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात. नको असेल तर "दाइज्योबु देस". याचा शब्दशः अर्थ ठीक आहे असा, पण इथे तो नकार ठरतो. हा शब्द भल्याभल्यांना चकवतो.

प्रवासाच्या बाबतीत तर आपण मध्य रेल्वेच्या विद्यापीठातून पदवी घेतलेली माणसे आहोत. तिथेही धीम्या आणि जलद गाड्या असतात; धीमीला "काकुएकि", जलदला "काइसोकु". जलद गाडी सगळीकडे थांबत नाही. म्हणून चढण्यापूर्वी विचारायचे : "कोनो देन्श्या वा निशी-कासाई नि तोमारिमास का?" ही गाडी निशी-कासाईला थांबते का? ठाकुर्लीला राहणाऱ्याला या प्रश्नाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. फलाटाला "नाम्बान्सेन देस का?" कितव्या नंबरचा? बाहेर पडण्याचा मार्ग "देगुचि". आपल्याकडे कल्याण पूर्व आणि कल्याण पश्चिम यांत चुकले की अर्धा तास जातो, तसेच तिथे पूर्वेचे "हिगाशिगुचि" आणि पश्चिमेचे "निशिगुचि". कुणी भेटायला बोलावले तर कोणते ते आधीच विचारून ठेवा. "एकी वा दोको देस का?" स्टेशन कुठे आहे? एकीच्या जागी "तोइरे" घातले की शौचालय, "ब्योइन" घातले की दवाखाना. एक साचा, त्यात हवा तो शब्द. गाडीत फोनवर बोलत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

"मोबाईल भाषांतर करून देतो, मग पाठांतर कशाला?" असे विद्यार्थी विचारतात. मोबाईल जरूर वापरा. कार्डाचा फोटो काढून वाचायला तो फार उपयोगी आहे. पण अंगात ताप आहे, मालक समोर उभा आहे, तेव्हा "किबुन गा वारुई देस", मला बरे वाटत नाही, हे तोंडातूनच यावे लागते. रुग्णवाहिकेला ११९, पोलिसांना ११०, आणि "तासुकेते कुदासाइ" म्हणजे वाचवा. समजले नाही तर हसून मान डोलवू नका. "वाकारिमासेन" म्हणा, किंवा "मो इचिदो ओनेगाइशिमास", पुन्हा एकदा सांगा. कागदावर सही घेताना तर शंभरदा म्हणा.

हे जोर देऊन सांगण्याचे कारण आहे. कुशल कामगार म्हणून जाण्यासाठी साधारणपणे एन-४ पातळीची किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. या एन परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणे हे आहे, बोलणे नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आणि तोंड बंद, अशी स्थिती होऊ शकते. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर "सहा महिन्यांत जपान" अशा पाट्या लागलेल्या असतात. आईचे दागिने मोडून तिथे पैसे भरण्यापूर्वी एवढेच बघा की, त्या वर्गात मुले मोठ्याने बोलतात की नुसते जुने पेपर सोडवतात. आणि पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका.

भाषेच्या बाजूने एक गोष्ट राहिली. हिरागाना अक्षरांचा क्रम ऐका : आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? स्वर आधी, मग क, मग त, न, मग म, मग य, र, व. "हा"चा उच्चार प्राचीन काळी "पा" होता आणि "सा" च-वर्गाच्या जागी बसला आहे, हे सांगितले की आपली बाराखडीच समोर उभी राहते. बौद्ध भिक्षूंनी सूत्रांबरोबर सिद्धम् ही भारतीय लिपी जपानमध्ये नेली, तिचा अभ्यास विहारांतून झाला, त्यातून हा क्रम आला. अजूनही तिथल्या स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे लिहितात. भिक्षूच्या पात्राचा शब्द चीनमार्गे जाऊन "हाचि" झाला, आज तो स्वयंपाकघरातल्या वाडग्याचा शब्द आहे. दानापासून "दान्ना" झाला, म्हणजे यजमान, मालक. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या हिमतीने मिळवले, पालीचा शब्दकोश केला. इथे जी अक्षरे आपल्या पूर्वजांपासून लपवून ठेवली, ती भिक्षूंनी समुद्रापार नेऊन वाटून टाकली होती.

वाकायामा प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. जपानला जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे जावेसे वाटते. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून गाडी "गोकुराकुबाशी" पर्यंत जाते. गोकुराकु म्हणजे सुखावती, बाशी म्हणजे पूल. पुढे डोंगरावर केबल गाडी. नाम्बाला खिडकीवर म्हणायचे, "कोयासान मादे इकुरा देस का?" तिथल्या विहारांत राहण्याची सोय असते आणि जेवण "शोजिन र्योरी", त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नाही. कुठून आलात विचारले तर, "इन्दो कारा किमाशिता." भारतातून आलो.

आपल्याकडे उलट बाजूने कोण आले ते पाहा. भदंत सुरेई ससाई १९६०च्या दशकात जपानहून आले, नागपूरला राहिले, आणि जपानी वळणाच्या हिंदीतून आपल्या माणसांशी बोलत राहिले. त्यांचे उच्चार चुकतात म्हणून कुणी हसले नाही. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला, अजिंठ्याला जपानी पाहुणे येतात, तेव्हा आपण लांबून फोटो काढतो. पुढच्या वेळी "कोन्निचिवा" म्हणून पाहा. "ओचा वा इकागा देस का?", चहा घेणार का, असेही विचारा.

सरावासाठी जागा शोधत बसू नका. कल्याणहून ठाण्यापर्यंत गाडीत जेवढा वेळ मिळतो त्यात दहा वाक्ये घोळवून होतात. जोडीदार असेल तर एकाने वाढपी व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक, आणि दुसऱ्या दिवशी उलट. आम्ही वर्गात हेच करतो. ज्या मुलांना वाढपी व्हायला कमीपणा वाटतो त्यांना आम्ही आठवडाभर वाढपीच ठेवतो.

आज सांगितलेली वाक्ये छापून कागद दाराशी ठेवला आहे, जाताना प्रत्येकाने घ्यावा. ज्येष्ठांनीही घ्यावा, नातवंडांकडून पाठ म्हणवून घेता येईल. पुढच्या रविवारी इथेच, परित्राण पाठानंतर, पहिली पाच हिरागाना अक्षरे घेऊ. वही आणि पेन्सिल आणावी.